तांडेलांनी नेमलेला विरोधक

लवूला ‘नाय’ म्हणता येत नसे. आता तोतरा होता म्हणाल, तर तसंही नाही. रत्नागिरीच्या खाली पाथरबंदर नावाची खारव्यांची वाडी आहे. तिथल्या अख्ख्या खाडीत लवूएवढा खणखणीत आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण तो आवाज त्याने ऐन उमेदीची वीस वर्षं आप्पा तांडेलांना वापरायला दिला होता, आणि दिलेली वस्तू परत मागायची त्याला लाज वाटे.

त्याचं असं आहे. मचव्यावर तांडेल बसतो मागे, सुकाणूपाशी. खलाशी पुढे, शिडाखाली. मध्ये वारा. तांडेलाचा हुकूम पुढे पोचावा म्हणून डोलकाठीपाशी एक माणूस उभा करतात. तांडेल जे बोलेल ते त्याने जसंच्या तसं पुढे ओरडायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. आप्पा म्हणाले, शीड सोडा, की लवू ओरडे, शीड सोडाऽ. आप्पा म्हणाले, तो बाबल्या झोपलाय काय मेला, की लवू तेही ओरडे आणि बाबल्या दचकून उठून बसे. शीड चढवायच्या वेळी मात्र तोंडाचा उपयोग नसे, एवढी फडफड. तेव्हा तांडेल नुसता हात वर करी. तांडेलाचा हात वर गेला की खलाशांनी हातातलं काम टाकून हात वर करून दोर धरायचा. पंधरा-वीस वर्षं हे केलेल्या माणसाचा हात पुढे डोक्याची परवानगी घेत बसत नाही. तो आपला आपण वर जातो.

सत्तावीस साली आप्पांचे गुडघे गेले आणि ते मचव्यावरून उतरले. माणसाने उतरावं, ओटीवर बसावं, नारळ सोलावेत. पण आप्पा मचव्यावरून उतरले ते वाडीच्या डोक्यावर चढले. विहिरीवर पहिली घागर कोणाची, होळीला माड कोणाच्या कुंपणातला तोडायचा, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ, सगळं आप्पा ठरवत. आप्पा उतरले म्हणताना लवूही उतरला. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही कोणाला विचारलं नाही. पंगतीत आप्पा पुटपुटले, भात आणा, की मांडवाच्या टोकाला लवू गरजे, भात आणाऽ. एका लग्नात आप्पा नवरदेवाच्या मामाबद्दल शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले. लवूने तेही सवयीने पुढे पोचवलं. ती सोयरीक अजून सांधलेली नाही.

मथुरा, लवूची बायको, कपाळावर हात मारून घेई. तिने आमटी वाढून विचारावं, मीठ बरोबर आहे काय, तर लवूने भुरका मारून म्हणावं, मीठ बरोबर आहे काय. ती म्हणे, या घरात दोन माणसांचं रांधते आणि एकाचंच बोलणं ऐकते, तेही माझंच.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते तेहतीस सालच्या श्रावणापर्यंत. पावसाळ्यात आमच्याकडे मचवे किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकून ठेवतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग बरा दिवस बघून मचवे पाण्यात काढायचे. तो बरा दिवस आप्पा ठरवत. त्या साली त्यांनी पुनवेचा दुसराच दिवस धरला, कारण पलीकडच्या बंदरातल्या तांडेलापाशी ते बोलून बसले होते की यंदा मुंबईला पहिला मचवा पाथरबंदरचाच लागणार. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्या दिवशी दांड्यावर पाणी पांढरंफेक फुटत होतं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं, लवूला तर सगळ्यांत जास्त, कारण डोलकाठीपाशी उभं राहून त्या दांड्यावरचं पाणी बघण्यात त्याचा जन्म गेला होता. आप्पा म्हणाले, मचवा काढा. लवूने तोंड उघडलं. थांबा म्हणावं असं त्याच्या अगदी जिभेवर होतं, आणि तोंडातून निघालं, ‘‘मचवा काढाऽ’’.

मचवा दांड्यावर आपटला. चौघे पोहून बाहेर आले. धाकू आला नाही. निघताना धाकूने एकदा मागे वळून पाहिलं होतं, खरंच काढायचा काय म्हणून. आप्पांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. त्याने ऐकला तो लवूचा आवाज.

वाडी म्हणाली, दर्याची मर्जी. आप्पाही तेच म्हणाले. धाकूची बायको जनी काहीच म्हणाली नाही. लवूने तेव्हापासून तिच्या दारावरून जाणं सोडलं. विहिरीवर जायचं तरी देवळामागून वळसा घाली. पोटात एकच गोष्ट घेऊन तो फिरत होता: चूक झाली असं त्या बाईसमोर कोणीतरी म्हणायला पाहिजे. पण आप्पांनी म्हटल्याशिवाय लवू कसा म्हणणार? आणि आप्पांना म्हणा असं सांगणार कोण?

आता सोसायटीचं सांगतो. एकोणतीस साली सरकारच्या उत्तेजनाने वाडीत मचवेवाल्यांची आणि खलाशांची सहकारी सोसायटी निघाली होती. दोर, शिडाचं कापड, डांबर सगळ्यांनी मिळून आणायचं. सभासद चव्वेचाळीस. धाकू गेल्यावर त्याच्या जागी जनीचं नाव लागलं, ते मास्तरांनी कायदा वाचून लावलं म्हणून. शाळेचे मास्तर चिटणीस. चेअरमन कोण, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. कायद्याप्रमाणे दर साली श्रावणात निवडणूक व्हायची आणि दर साली आप्पा एकमताने निवडून यायचे.

तेहतीसच्याच मार्गशीर्षात रत्नागिरीहून सोसायट्यांचे इन्स्पेक्टर आले. तरुण, चष्म्याचे, फार वाचलेले. त्यांनी सभांची वही उघडली. एकतीस साली आप्पा एकमताने. बत्तीस साली एकमताने. तेहतीस साली एकमताने. साहेबांनी पान उलटलं. चौतीस साली एकमताने, पस्तीस साली एकमताने, छत्तीस साली एकमताने. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मास्तर शांतपणे म्हणाले की मेच्या सुट्टीत वेळ होता, अक्षर चांगलं लागत होतं, म्हणून पुढचंही लिहून टाकलं. नाहीतरी त्यात काय बदल व्हायचा आहे?

साहेब खवळले. जगात काय चाललं आहे, राजे उलथताहेत, लोक आपला कारभार आपण बघताहेत, असं ते घटकाभर बोलले. वाडीने सगळं अदबीने ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी बजावलं की येत्या श्रावणात मी स्वतः येईन, मला दोन उमेदवार दिसले पाहिजेत, नाहीतर सोसायटी बंद करून टाकीन. एवढं बोलून, शहाळं पिऊन ते गेले.

आप्पांनी आयुष्यात एकच गोष्ट धड ओळखली होती, ती म्हणजे हुकूम. सरकारला विरोधक पाहिजे काय? देऊ. दोर पाहिजे म्हटल्यावर दोर देतात, तसा विरोधक देऊ. त्यांनी वाडीवर नजर फिरवली. बाबल्या चालला असता, पण तो मनातून खरंच विरोधात होता, त्याचा काय भरवसा? खात्रीचा माणूस हवा. त्यांनी लवूला बोलावून सांगितलं, तू माझ्याविरुद्ध उभा राहायचंस. लवू म्हणाला, उभा राहायचं.

झालं, शिकवणी सुरू. रोज दुपारी आप्पा ओटीवर पाय पसरून बसत आणि लवू अंगणात उभा राहून विरोध करी. म्हणजे आप्पा सांगत, म्हण, आप्पा तांडेल मनमानी करतात. लवू म्हणे, आप्पा तांडेल मनमानी करतात. आप्पा ओरडत, अरे पडक्या आवाजात काय म्हणतोस, साहेबाला खरं वाटलं पाहिजे. लवू खाली बघून म्हणे, चुकलो तांडेल. आप्पा म्हणत, मेल्या, विरोधकाने चुकलो म्हणायचं नसतं. लवू म्हणे, होय तांडेल. होय पण म्हणायचं नाही, असं आप्पांनी बजावल्यावर तो गप्पच राही, आणि गप्प राहिला म्हणून परत बोलणी खाई. कुंपणापलीकडे बायका तोंडाला पदर लावून हसत. आप्पांनी स्वतःवरच्या टीकेची यादी स्वतःच केली होती: तापट आहेत, गुडघे दुखतात, कधी कधी मोठ्याने घोरतात. याहून मोठा दोष त्यांना आठवत नव्हता.

आषाढातली गोष्ट. शिकवणी चालली होती. आप्पा म्हणाले, आता तुझ्या मनाने एक काहीतरी जोड, बघू तुला जमतं काय. आप्पांनी हुकूमच दिला म्हटल्यावर लवूने तो पाळला. तो अंगणातल्या शेणाच्या सारवणाकडे बघत म्हणाला, ‘‘गेल्या साली पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मचवा काढलात, ते चुकलं.’’

आप्पांचा हात तपकिरीच्या डबीवर तसाच राहिला. कुंपणापलीकडचं हसूही थांबलं. आप्पा म्हणाले की हे मी शिकवलेलं नाही. लवू म्हणाला, नाय तांडेल. म्हणजे त्याला म्हणायचं होतं की होय, तुम्ही शिकवलेलं नाही. पण ‘नाय’ हा शब्द त्याच्या तोंडून तांडेलांसमोर पहिल्यांदाच निघाला आणि त्याचा त्यालाच घाम फुटला. शिकवणी तिथे संपली. मथुराने त्या रात्री त्याला न विचारता जास्तीचा भात वाढला.

श्रावणात, पुनवेला चार दिवस असताना, देवळाच्या मंडपात सभा भरली. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस हजर. जनी खांबाला टेकून एका बाजूला बसली होती. इन्स्पेक्टरसाहेब खाडीतल्या पडावातून उतरून मंडपापर्यंत आप्पांबरोबर चालत आले. वाटेत त्यांनी आप्पांना सहज सांगितलं की सुधारलेल्या देशांत रीत अशी आहे, खानदानी उमेदवार स्वतःला कधी मत देत नाही, प्रतिस्पर्ध्याला देतो. आप्पांना खानदानी म्हटलेलं फार आवडे. त्यांनी मनाशी धरलं की आपणही सुधारलेल्या देशासारखंच करायचं. एका मताने काय फरक पडतो? त्रेचाळीस तर आपलीच आहेत.

लवूने भाषण केलं. आप्पा तापट आहेत, गुडघे दुखतात, घोरतात, एवढं म्हणून तो खाली बसला. आप्पांनी भाषण केलं नाही. त्यांनी नुसतं सगळ्यांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, मत हात वर करून द्यायचं, निर्भयपणे. आधी कोणाचं घ्यायचं? आप्पा मोठ्या मनाने म्हणाले, आधी लवूचं घ्या. साहेबांनी विचारलं, लवू यांच्या बाजूने कोण? आणि सुधारलेल्या देशाची आठवण ठेवून आप्पा तांडेलांनी हात वर केला.

तांडेलांचा हात वर गेला. मंडपात तंबाखू मळत, जांभया देत, कान कोरत बसलेले चाळीसेक खलाशी, त्यांनी काय करावं? चुटकीसरशी सगळ्यांचे हात वर. बाबल्याने तर दोन्ही हात वर केले, तो जोराच्या वाऱ्यात दोर तसाच धरायचा. आप्पांना मागचं काही दिसेना. ते साहेबांकडे बघून खानदानी हसत होते. साहेबांनी मोजले. बेचाळीस. मग विचारलं, आप्पा तांडेलांच्या बाजूने कोण? सगळे आप्पांच्या हाताकडे बघत राहिले. हात खालीच होता. एकट्या लवूचा हात वर गेला. तो बिचारा पहिल्यापासून त्यांनाच मत द्यायला आला होता. जनीने दोन्ही वेळा हात वर केला नाही.

बेचाळीस विरुद्ध एक. साहेबांचा चष्मा ओला झाला. एवढी जागृती त्यांनी जिल्ह्यात कुठे पाहिली नव्हती. आता कुठे लोकांच्या लक्षात आलं आणि मंडपात कुजबुज झाली. म्हाताऱ्या रावजीने उठून विचारलं की तांडेलांसाठी पण एकदा हात वर करून टाकतो, चालेल काय. साहेब म्हणाले, एका माणसाचं एकदाच. आप्पा मागे वळले, त्यांना वाडीचे चेहरे दिसले आणि काय झालं ते कळलं. शिव्या द्याव्यात तर सगळ्यांनी त्यांचंच ऐकलं होतं. आज्ञा पाळण्यात कोणीही कसूर केली नव्हती. तांडेल मटकन खाली बसले.

साहेबांनी लवूला उचलून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, चेअरमन, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय होता मचवे कधी काढायचे. खुर्ची गेली तरी हा विषय आपलाच आहे, याबद्दल आप्पांच्या मनात शंका नव्हती. ते बसल्या जागेवरून म्हणाले की पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, आणि लवूला म्हणाले, सांग.

लवूने तोंड उघडलं. वीस वर्षांची सवय ती, शब्द अगदी दातांपर्यंत आले. खांबापाशी जनी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. अख्खा मंडप वाट बघत होता. लवूचे ओठ हलले, आणि तो म्हणाला, ‘‘मी नाय सांगणार. ज्याला त्याला विचारूया.’’

विचारूया म्हणणं सोपं आहे हो. विचारलं तर सगळे आप्पांकडे बघायला लागले. तेव्हा लवूने फर्मावलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे, तांडेल तुम्हीपण, आणि डोळे न उघडता हात वर करायचा. मोजतील मास्तर. असं मतदान कुठल्याही सुधारलेल्या देशात झालं नसेल. चव्वेचाळीस माणसं डोळे घट्ट मिटून देवासमोर बसलेली, आणि साहेब टिपणं घेताहेत. दुसऱ्याच दिवशी काढायचे म्हणणारे सतरा. पुनवेनंतर आठ दिवस थांबून दांडा बघून काढायचे म्हणणारे तेवीस. त्यांतला पहिला हात जनीचा होता, असं मास्तरांनी नंतर कधीतरी सांगितलं. राहिले चौघे, ते डोळे मिटल्यावर झोपले. लवूने आपलं मत घातलं काय, तर घातलं. चेअरमन असून डोळे मिटून घातलं.

आता तुम्हाला वाटेल, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी वादळ झालं असेल आणि लवूची वाहवा झाली असेल. कप्पाळ. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दर्या ताटातल्या पाण्यासारखा पडला होता. दांड्यावर एक बुडबुडा नाही. पलीकडच्या बंदराचे मचवे शिडं फुगवून डोळ्यांदेखत मुंबईला गेले. आठ दिवस हीच गत. आप्पा रोज सकाळी काठी टेकत येत, कातळावर बसत, दर्याकडे बघत आणि एक अक्षर बोलत नसत. त्यांचा चेहराच एवढा बोले की वाडी लवूवर उखडली. ज्यांनी थांबायचं म्हणून हात वर केला होता, तेही सांगू लागले की माझे डोळे मिटलेले होते, मला काय ठाऊक. लवू दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मथुराने विचारलं, कोण बुडालं काय? नाही म्हणाला. मग जेवा, म्हणाली.

आठ दिवसांनी मचवे गेले, मुंबईला सगळ्यांत शेवटी लागले, आणि सगळी माणसं परत आली.

पुढचं वर्षभर पाथरबंदरात बोलण्याला ऊत आला. आपल्यालाही मत असतं हा शोध एकदा लागल्यावर मग काय विचारता. डांबर कुठलं आणायचं यावर तीन सभा झाल्या. दोर उजव्या पिळाचा की डाव्या, यावर सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नव्हते. सोनूबाई विहिरीवर म्हणाली की आम्ही सभासद नसलो तरी पाणी आम्हीच भरतो, तेव्हा पहिल्या घागरीचं आम्ही ठरवणार, आणि बायकांनी ठरवलं. लवू प्रत्येक सभेत सगळ्यांचं ऐकून घेई, आणि शेवटी त्याला काय वाटतं ते कोणी विचारलं की घाबरून मास्तरांकडे बघे. कारभार म्हणाल तर बेताचाच. माणसं कुरकुरत होती आणि तांडेलांची आठवण काढत होती. ते बरं होतं, एकदा ओरडले की संपलं, असं बाबल्यासुद्धा बोलून गेला.

आप्पांच्या कानावर हे गेलं. पस्तीस सालच्या आषाढात त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की मी यंदा उभा राहतो. मास्तर म्हणाले, रहा की, पण यंदा तुम्हाला घरोघर जाऊन मत मागावं लागेल. आप्पांनी दोनदा विचारलं, काय करावं लागेल म्हणून. सत्तर वर्षांच्या त्या माणसाने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. लागेल ते सांगितलं होतं. मागतात कसं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. वाडीत ते कोणाला नीट माहीत होतं, तर वर्षभर ज्याला त्याला विचारत बसलेल्या लवूला. म्हणून आप्पा लवूकडेच आले. आपल्या विरोधकाला मत मागायला शिकवण्याचं काम लवूने पत्करलं. नाही म्हणायला तो शिकला होता, पण एवढ्यातेवढ्याला नाही.

आप्पा म्हणत, मत दे. लवू म्हणे, असं नाय तांडेल, द्याल काय म्हणा. आप्पा म्हणत, द्याल काय, आणि आवाज असा की समोरच्याने दार लावून घ्यावं. चार दिवसांनी जरा नरम आला. मग दोघे निघाले, पुढे काठी टेकत आप्पा, मागे लवू. लोकांनी मजा करून घेतली. रावजीने त्यांना अर्धा तास ओटीवर बसवलं. बाबल्याने मत देतो म्हणून कबूल केलं, पण आधी मला मचव्यावर सगळ्यांदेखत मेला म्हणालात त्याचं काय, असं विचारलं, आणि आप्पांना बराच वेळ ते आठवेना, कारण ते सगळ्यांनाच म्हणत. घरागणिक आप्पा थोडे थकत गेले. मास्तरांच्या हिशेबाने मतं अगदी काठावर होती. एकच घर राहिलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी लवूचे पाय थांबले. दोन वर्षं त्याने हा रस्ता टाकला होता. तो म्हणाला, तांडेल, इथे तुम्ही एकटे जा. पण आप्पाही पुढे जाईनात. दोघे म्हातारे पावसाच्या भुरभुरीत तसेच उभे राहिले, शाळेतून उशिरा आलेल्या पोरांसारखे. शेवटी लवूच पुढे झाला.

जनी ओटीवर काथ्या वळत बसली होती. तिने दोघांना बघितलं, गोणपाट पसरला आणि बसा म्हणाली. हातातलं काम सोडलं नाही. आप्पांनी घसा साफ केला, द्याल काय म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच ती बोलली.

‘‘त्या दिवशी दांड्यावर पाणी फुटत होतं, ते तुमाला दिसलं होतं काय, तांडेल?’’

आप्पांनी सवयीने लवूकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांचं बोलणं पुढे पोचवायला तो होता. लवू खाली मान घालून बसला होता. त्याने तोंड उघडलं नाही. उठून जावं म्हटलं तर आप्पांना जाता येईना; ते मागायला आले होते.

‘‘दिसलं होतं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पलीकडच्यांच्या आधी मुंबई गाठायची होती. माझं चुकलं, जने.’’

‘‘मलापण दिसलं होतं,’’ लवू म्हणाला. त्याचा तो खणखणीत आवाज, पण शेजारी बसलेल्या आप्पांनासुद्धा कान द्यावा लागला. ‘‘ओरडलो मीच. धाकूने माझं ऐकलं.’’

जनीचे हात थांबले. पागोळ्यांचं पाणी पायरीवर पडत होतं.

‘‘दोन वर्षं झाली,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या दारात कोण आलं नाय. आज मत हवं म्हणून आलात.’’

आप्पा म्हणाले, होय, म्हणूनच आलो.

‘‘बरं झालं, माझ्यापाशी मत हाय,’’ जनी म्हणाली.

मग तिने डोळ्यांना पदर लावला, आत गेली आणि दोघांसाठी पाण्याचे तांबे घेऊन आली. मत कोणाला देणार ते तिने सांगितलं नाही, आणि आप्पांनीही विचारलं नाही.